विंडोज ११ मध्ये फोल्डरचा आपोआप बॅकअप: फाइल हिस्ट्री कशी लावावी

फोल्डर क्लाउडवर सिंक होतंय म्हणजे बॅकअप झाला, असं बरेच जण धरून चालतात. पण सिंकचं काम दोन्हीकडे सारखं ठेवण्याचं. इथे फाइल बिघडली की तिकडेही बिघडलेलीच जाते, आणि आपल्याला हवी असते काल दुपारची, धड असलेली. त्यासाठी विंडोजमध्ये २०१२ सालच्या विंडोज ८ पासून फाइल हिस्ट्री नावाची सोय आहे. विंडोज ११ मध्ये ती जुन्या कंट्रोल पॅनेलच्या कोपऱ्यात जाऊन बसल्याने सहसा नजरेस पडत नाही.

आधी एक्स्टर्नल हार्ड डिस्क जोडा. निवडलेल्या फोल्डरांच्या निदान दुप्पट जागा तिच्यात असावी. डी ड्राइव्हच्या भरवशावर राहू नका; तो बहुतेकदा त्याच डिस्कचा तुकडा असतो.

मग कंट्रोल पॅनेल, त्यात ‘सिस्टिम अँड सिक्युरिटी’, त्यात ‘फाइल हिस्ट्री’. डिस्कचं नाव दिसलं की ‘टर्न ऑन’ दाबा.

आता बहुतेकांची गाडी अडते ती जागा. फाइल हिस्ट्री डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स अशी ठरावीक ठिकाणंच बघते. तुमचं ‘हिशेब’ फोल्डर डी ड्राइव्हवर असेल तर ते तिच्या गावीही नसतं, आणि तसा इशाराही मिळत नाही. त्या फोल्डरवर राइट क्लिक करा, ‘शो मोअर ऑप्शन्स’, मग ‘इन्क्लूड इन लायब्ररी’ आणि ‘क्रिएट न्यू लायब्ररी’. लायब्ररीत आलं की ते फोल्डरही बॅकअपमध्ये येतं. वनड्राइव्हमधल्या फाइल मात्र कॉम्प्युटरवर उतरवलेल्या असतील तरच धरल्या जातात.

डावीकडे ‘ॲडव्हान्स्ड सेटिंग्ज’ आहे. मुळात दर तासाला बदललेल्या फाइलींची प्रत निघते. हे अंतर १० मिनिटांपासून एका दिवसापर्यंत ठेवता येतं. दिवसभर एकाच फाइलवर काम करणाऱ्यांनी १५ मिनिटं ठेवावीत, बाकीच्यांना तास पुरे. प्रती किती काळ ठेवायच्या यापुढे ‘फॉरेव्हर’ लिहिलेलं असतं. तसंच राहिलं तर डिस्क भरल्यावर नवा बॅकअप थांबतो. ‘अंटिल स्पेस इज नीडेड’ निवडा, म्हणजे जागा लागेल तशा जुन्या प्रती पुसल्या जातात.

परत मिळवून बघितल्याशिवाय बॅकअप झाला असं मी तरी मानत नाही. एखादी बिनकामाची फाइल बदलून सेव्ह करा, ‘रन नाऊ’ दाबा, मग ‘रिस्टोअर पर्सनल फाइल्स’ उघडा. खालच्या बाणांनी मागच्या तारखांवर जाता येतं. मधलं हिरवं बटण फाइल मूळ जागी आणतं. आजची फाइल राखायची असेल तर त्यावर राइट क्लिक करून ‘रिस्टोअर टू’ने दुसरीकडे उतरवा. थेट डिस्कवर बघितलंत तर फाइलच्या नावात तारीख आणि वेळ दिसेल. ती वेळ यूटीसी असते, भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे. दुपारी साडेतीनच्या प्रतीवर सकाळचे दहा दिसतात.

डिस्क कायम जोडून ठेवू नका, रॅन्समवेअर (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) आलं तर तेही तिच्यापर्यंत पोहोचतं. काम संपल्यावर ‘इजेक्ट’ करून काढा. पुन्हा जोडली की प्रती काढणं पुढे सुरू होतं.