फॅमिली ग्रुपवर राजकीय फॉरवर्ड आला तर काय करावं?

निवडणूक जाहीर झाली की 'सुप्रभात' आणि वाढदिवसाच्या केकांमध्ये हळूच दुसराच माल येऊ लागतो. अमुक नेता तमुक बोलला, अमक्या गावात तमक्यांनी असं केलं, 'हे टीव्हीवाले दाखवणार नाहीत'. पाठवणारे बहुतेक वेळा आपलेच काका, आत्या, मेहुणे. निवडणूक दोन महिन्यांत संपते, पण ग्रुपवर झालेला अपमान पुढच्या लग्नापर्यंत लक्षात राहतो. म्हणून फॉरवर्ड तपासण्याइतकंच ते कुणाला, कुठे आणि कसं सांगायचं, हेही शिकून घ्यावं लागतं.

१. आधी बाण बघा

मेसेजवर एकच बाण असेल तर तो कुठून तरी पुढे आलाय, एवढंच कळतं. दोन बाण असतील तर तो किमान पाच हातांतून फिरून आलाय. असा मेसेज एका वेळी एकाच चॅटला पाठवता येतो. ही मर्यादा व्हॉट्सअ‍ॅपने एप्रिल २०२० मध्ये आणली. दुहेरी बाण म्हणजे खोटं असं नाही, पण लिहिणारा कोण हे पाठवणाऱ्यालाही माहीत नाही, हे मात्र नक्की. त्यामुळे काकांना 'तुम्हाला कुणी सांगितलं?' असं विचारण्यात अर्थ नाही. त्यांनाही ते कुठल्या तरी ग्रुपवरच मिळालेलं असतं.

२. प्रकार ओळखा आणि त्याप्रमाणे तपासा

आपल्याकडे सगळ्यांत जास्त चालतं ते वृत्तवाहिनीचं कार्ड. वर चॅनेलचा लोगो, बाजूला नेत्याचा फोटो, खाली अवतरणचिन्हांत एखादं भडक वाक्य. असं कार्ड मोबाइलवर पाच मिनिटांत बनतं. ते मोठं करून वाचा. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका, नेहमीपेक्षा वेगळा फॉन्ट, तारीखच नसणं, या खुणा बघा. पण नुसत्या खुणांवर निकाल देऊ नका, कारण घाईत खऱ्या वाहिन्याही शुद्धलेखनाचे मुडदे पाडतात. खरी तपासणी एकच: त्या चॅनेलच्या स्वतःच्या पेजवर जाऊन ते कार्ड शोधायचं. एवढं स्फोटक विधान खरंच झालं असेल तर ते एकाच चॅनेलला मिळून बाकीचे गप्प बसलेत, असं होत नाही.

भाषणाची पंधरा सेकंदांची क्लिप जास्त फसवी, कारण आवाजही खरा आणि माणूसही खरा. 'विरोधक म्हणतात की ही योजना बंद करा' या वाक्यातले पहिले तीन शब्द कापले की नेताच योजना बंद करायला निघालेला दिसतो. सभेचं गाव आणि तारीख टाकून पूर्ण भाषण यूट्यूबवर शोधा आणि त्या वाक्याच्या मागचे-पुढचे दोन मिनिटं ऐका. कंटाळवाणं काम आहे, पण त्याला दुसरा रस्ता नाही.

फोटो असेल, किंवा मारहाणीचा, गर्दीचा व्हिडिओ असेल, तर एका स्पष्ट दृश्याचा स्क्रीनशॉट काढून गूगल लेन्समध्ये (फोटोवरून शोध घेणारं गूगलचं साधन) टाका. बऱ्याचदा तोच फोटो चार वर्षांपूर्वीच्या, भलत्याच राज्यातल्या बातमीत सापडतो. सरकारी योजना किंवा आदेशाबद्दलचा मजकूर असेल तर पीआयबी (केंद्र सरकारचं पत्र सूचना कार्यालय) फॅक्ट चेकवर बघा. ते केंद्र सरकारशी संबंधित दाव्यांपुरतं काम करतं.

आणि आपल्या आवडत्या पक्षाच्या बाजूने आलेला फॉरवर्डही याच चाळणीतून काढा. इथे भलेभले घसरतात.

३. आधी खासगीत सांगा

खोटं असल्याची खात्री झाली की हात शिवशिवतो. चाळीस जणांसमोर लिंक टाकून 'फेक आहे हे' असं लिहिण्यात मजा असते, नाही कशाला म्हणा. पण त्यानंतर काका मेसेज काढत नाहीत, त्याच्या समर्थनार्थ आणखी तीन टाकतात.

त्यापेक्षा त्यांना वेगळा मेसेज करा. साधारण असा:

'काका, तुम्ही सकाळी टाकलेलं ते कार्ड मी शोधून पाहिलं. चॅनेलच्या पेजवर ते कुठेच नाही. हुबेहूब केलंय, कुणीही फसेल. ग्रुपवरून तुम्हीच काढाल का? मी बोललो तर उगाच वेगळा अर्थ निघायचा.'

यात पक्षाचं नाव नाही, 'तुमचे ते लोक' नाही, हसणारी इमोजी नाही. काढायचं काम त्यांच्याकडेच ठेवलंय, म्हणजे मानही त्यांच्याकडेच राहतो. सगळ्यांसाठी डिलीट करायला दोन दिवसांहून थोडा जास्त वेळ मिळतो, तेव्हा लगेच उत्तर आलं नाही तरी तगादा लावू नका. टाइप करण्यापेक्षा फोन केलात तर उत्तमच. आधी गुडघेदुखीची चौकशी करा, मग विषय काढा.

४. मात्र इथे वाट बघू नका

एक प्रकार याला अपवाद. एखाद्या समाजाविरुद्ध, अनोळखी माणसांविरुद्ध किंवा 'मुलं पळवणाऱ्या टोळी'बद्दलचा मेसेज आला तर खासगीत बोलत बसायला वेळ नसतो. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात भिक्षा मागत फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारलं, ते अशाच अफवेपायी. त्या काळात देशभर फिरणारा एक व्हिडिओ तर कराचीतल्या मुलांच्या सुरक्षेविषयीच्या जनजागृतीसाठी केलेल्या चित्रफितीतून कापलेला होता. शेवटी 'हे नाटक आहे' सांगणारा भाग तेवढा गाळला होता. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एका वेळी पाचच चॅटना फॉरवर्ड करण्याची मर्यादा घालायला सुरुवात केली.

असा मेसेज दिसला की तिथेच, सगळ्यांसमोर, शांत शब्दांत लिहा: 'याची खात्री झालेली नाही, कृपया कुणीही पुढे पाठवू नका.' कुठे गर्दी जमतेय असं कळलं तर ११२ ला फोन करा. काकांचा रुसवा नंतर काढता येईल.

५. तुम्ही अ‍ॅडमिन असाल तर

सदस्याने काही टाकलं म्हणून केवळ अ‍ॅडमिन असल्यामुळे तुम्ही आपोआप गुन्हेगार ठरत नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये गोंदियातल्या एका प्रकरणात हे स्पष्ट केलंय. दोघांनी मिळून ठरवून केलं असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा घाबरून ग्रुप बंद करायची गरज नाही. दुसऱ्याचा मेसेजही अ‍ॅडमिनला काढता येतो, पण 'अ‍ॅडमिनने डिलीट केला' हे सगळ्यांना दिसतं, म्हणून आधी फोन करा. मतदानाच्या आधीचे दोन दिवस फक्त अ‍ॅडमिनलाच मेसेज टाकता येतील असं सेटिंग ठेवलं तरी चालतं. त्याआधी 'मतदानानंतर परत चालू करतो, तोवर लाडू-चिवड्याचं काय ते फोनवर ठरवू' एवढं मात्र लिहून टाका, नाहीतर आत्या तुम्हालाच विचारतील, मला ग्रुपमधून का काढलंस म्हणून.