मुंबईत जीवाश्म शोधताय? या चुका टाळा

सगळ्यात मोठी चूक म्हणजे काळ्या दगडात शोधत बसणं. मुंबईचा काळा दगड म्हणजे बेसॉल्ट, थिजलेला लाव्हा. त्या धगीत पान, शिंपला, हाड सहसा टिकत नाही. एक लाव्हा निवून दुसरा येईपर्यंत तळ्यात जो गाळ साचला, त्या पातळ थरात जीवाश्म असतात. वरळीला अशाच थरात इवल्या बेडकांचे सांगाडे सापडले. ब्रिटिश जीवाश्मतज्ज्ञ रिचर्ड ओवेन यांनी १८४७ साली त्यांचं वर्णन केलं. आज त्या बेडकाला इंडोबॅट्राकस पुसिलस म्हणतात. वरळीची टेकडी आता इमारतींनी भरली आहे, तेव्हा बेडकाच्या आशेने तिथे जाऊ नका.

नेच्याच्या पानासारखी काळी नक्षी दिसली की थांबा. पहिल्यांदा असा दगड हाती आला तेव्हा मी आठवडाभर त्याला पानच समजत होते. ती मँगनीजची नक्षी असते, भेगेतून झिरपलेल्या पाण्याने काढलेली. भिंगातून मधली शीर शोधा. पानाला ती असते, या नक्षीला नसते. कांद्यासारखे पापुद्रे सुटणारे गोल धोंडे डायनोसॉरची अंडी नव्हेत, बेसॉल्ट असाच झिजतो. अंधेरीच्या गिल्बर्ट हिलचे उभे खांबही दगड झालेली झाडं नाहीत. लाव्हा निवताना आकसून तडकला, त्याचे ते खांब.

मग शोधायचं कुठे? पायाखाली! जैसलमेरची पिवळी फरशी ज्युरासिक काळातल्या समुद्राच्या तळाशी साचलेला चुनखडक आहे. कुणाच्या जिन्यात, दुकानाच्या पायरीवर ती दिसली तर ओलं फडकं फिरवा आणि टॉर्च आडवा धरा. शिंपल्यांचे छेद पांढऱ्या चंद्रकोरींसारखे उमटतात. इथे आणखी एक गफलत होते: वेटोळं दिसलं की अमोनाइट (वेटोळ्या कवचाचा, आता नामशेष झालेला समुद्री जीव) म्हणून मोकळं व्हायचं. अमोनाइटच्या वेटोळ्यात आडवे पडदे असतात, साध्या शंखाच्या वेटोळ्यात नसतात. आधी पडदे शोधा. अस्सल संगमरवरात मात्र काही मिळत नाही, कारण उष्णतेने आणि दाबाने त्याचे कण नव्याने जुळलेले असतात. पण ‘इटालियन मार्बल’ म्हणून विकल्या जाणाऱ्या कित्येक लाद्या खरं तर चुनखडकच असतात. त्या जरूर बघा.

फोर्टमधल्या जुन्या इमारतींत पोरबंदरचा दगड पुष्कळ वापरलेला आहे. दहापट भिंगाखाली त्यात रव्याच्या कणांएवढी कवचं दिसतात, एकपेशीय समुद्री जीवांची. कॉलेजच्या मुलांना घेऊन जाते तेव्हा या भिंतीपाशी आमचा सगळ्यात जास्त वेळ जातो. ‘चुनखडक आहे का बघू’ म्हणून तिथे व्हिनेगर टाकू नका. आम्लाने दगड झिजतो आणि डाग राहतो. ती चाचणी घरच्या सुट्या तुकड्यावर करा. बुडबुडे कॅल्साइट या चुनखडकातल्या खनिजामुळे येतात, जीवाश्मामुळे नव्हे.

संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातून एकही दगड उचलू नका. चौपाटीवरचे शिंपलेही बहुतेक हल्लीचेच असतात. काही खरंच सापडलं तर शेजारी नाणं ठेवून फोटो काढा, जागा वहीत लिहा आणि एखाद्या कॉलेजच्या भूशास्त्र विभागाला दाखवा. जागेची नोंद नसलेला तुकडा त्यांच्या फारसा कामाचा नसतो.