धूर ओकणाऱ्या डब्याच्या चुलीवरचा उपाय

पत्र्याचे दोन डबे एकात एक बसवून लाकडाच्या वायूवर जळणारी चूल केली होती. पेटायची, पण आतल्या डब्याच्या वरच्या भोकांतून ज्योती काही येत नव्हत्या; नुसता पांढरा धूर. हा धूर म्हणजे न जळलेलं इंधनच. तापलेल्या लाकडातून निघणाऱ्या वायूला वर ताजी गरम हवा मिळाली नाही की तो तसाच निसटतो.

ही हवा दोन डब्यांमधल्या पोकळीतून तापत वर चढते. माझ्या चुलीत वरच्या कडांमध्ये बारीक फट होती आणि भोकांतून आत शिरण्याऐवजी हवा तिथूनच पळत होती. कडेच्या वर, जरा अंतर ठेवून हात धरला तर गरम झोत चक्क जाणवायचा! मग पत्र्याच्या गोल चकतीला मधोमध आतल्या डब्याच्या मापाचं भोक कापलं आणि कडा दुमडून ती फटीवर घट्ट ठोकून बसवली. डाग देण्याच्या फंदात पडू नका, साधं सोल्डर या उष्णतेला वितळतं. जस्ताचा मुलामा असलेला पत्राही नको, त्याची वाफ विषारी.

आता कोरड्या काटक्या वरच्या भोकांच्या खालपर्यंतच भरतो आणि वरून पेटवतो. थोड्या वेळात भोकाभोकांतून ज्योती निघतात, अगदी गॅसच्या शेगडीसारख्या. भांडं तिवईवर, चुलीचं तोंड मोकळं राहील असं.

ज्योती विझल्यावर निखारे उरतात, त्यातून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निघत राहतो. ऊब मिळते म्हणून चूल तंबूत नेऊ नका.