टेप, दोरा आणि म्युनिच-लिस्बन

बेळगावच्या शहापुरात माझं ब्लाउज शिवायचं दुकान आहे. लेक जर्मनीत म्युनिचला असते आणि जावईबापूंना कामासाठी सारखं पोर्तुगालात लिस्बनला जावं लागतं. "किती लांब ओ ते?" विचारलं की म्हणतात, "तीन तास." अंतर विचारावं तर तास सांगतात! मग मीच मोजायला बसलो.

भिंतीवरचा नकाशा घेऊ नका. खांद्याचं माप कापड जमिनीवर पसरून निघत नाही, तसंच हे. सपाट कागदावर उत्तरेकडचे देश उगीच ताणलेले दिसतात. नातवाचा ग्लोब घ्या, रिळाचा दोरा म्युनिचवर धरा आणि लिस्बनपर्यंत ताठ ओढा. दोऱ्यात ढील नको. विमानाची वाट साधारण हीच.

आता तो दोरा तसाच धरून एखाद्या उभ्या रेघेवर, म्हणजे रेखावृत्तावर ठेवा. उभ्या रेघेवर एक अंश म्हणजे 111 किलोमीटर. आडव्या रेघेवर हा हिशोब लावाल तर फसाल. ती वर जाईल तशी आखडत जाते, म्युनिचच्या उंचीवर एक अंश जेमतेम 74 किलोमीटरचा उरतो. मी दोरा बेळगावावर टेकवून सरळ उत्तरेला सोडला, तर दुसरं टोक श्रीनगरच्या थोडं अलीकडे आलं. पावणेअठरा अंश भरले, म्हणजे जवळजवळ 1,970 किलोमीटर. बायको म्हणाली, "काय ओ, ग्लोबाला ब्लाउज शिवूलासा काय?"

वेळ काढायला किलोमीटरला 800 नं भागा आणि वर अर्धा तास टाका. धावपट्टीपर्यंत रांगत जाणं, चढणं, उतरणं यात तेवढा जातोच. आपले झाले तीन तास. जावईबापू खरं बोलले होते म्हणायचं! फक्त पश्चिमेकडे जाताना वारा बहुतेक समोरून असतो, म्हणून लिस्बनला जाताना दहा-पंधरा मिनिटं जास्त धरा. अंतर अगदी थोडं असेल तर अर्ध्याऐवजी पाऊण तास टाका. लंडन-पॅरिस साडेतीनशे किलोमीटरच्या आतच आहे, पण तिकिटावर सव्वा तासाच्या आसपास दिसतो. चढलं न चढलं तोच उतरायची वेळ.

खरी गफलत पुढंच आहे. तिकिटावर ज्या गावची वेळ त्या गावच्या घड्याळाची असते, आणि पोर्तुगालचं घड्याळ जर्मनीच्या एक तास मागं. समजा दहाला निघाले आणि सव्वाबाराला पोचले, तर दिसतात सव्वादोन तास, असतात सव्वातीन. परत येताना एकाला निघून पाचला पोचले, तर चार दिसतात, असतात तीन. मी पहिल्यांदा तिकिटाचा फोटो बघून लेकीला म्हटलं होतं, "येताना विमान हळू चालवतात की काय ओ?" अजून हसते.

घरापासून मोजायचं तर दुप्पट धरा. म्युनिचचा विमानतळ आपल्या बेळगावच्या सांबरा विमानतळासारखा दहा-बारा किलोमीटरवर नाही, शहरातून लोकलनं पाऊण तास लागतो. लिस्बनचा मात्र गावातच, मेट्रो थेट जाते. दोन्ही देश शेंगेनमधले, म्हणजे आपसातल्या सीमेवर पासपोर्ट न तपासणाऱ्या युरोपी देशांच्या गटातले, त्यामुळं पासपोर्टवर शिक्क्याची रांग नाही.

फोन करायचा तर उन्हाळ्यात म्युनिच आपल्या साडेतीन तास मागं आणि लिस्बन साडेचार. हिवाळ्यात दोन्हींत एकेक तास वाढवा. दुकान रात्री नऊला बंद करतो, तेव्हा जावईबापू तिकडं अजून ऑफिसातच असतात.