दोन दप्तरांतली एक चित्रकर्ती

अमेरिकन चित्रकर्ती आणि बालपुस्तकांच्या लेखिका एस्फिर स्लोबोदकिना यांच्यावर काम सुरू केले तेव्हा मी दोन वह्या केल्या: एक बालपुस्तकांसाठी, दुसरी अमूर्त चित्रांसाठी. ही चूक होती, पण तिला निमित्तही होते, कारण साहित्यच तसे विखुरलेले आहे. बालपुस्तकांसंबंधीची कागदपत्रे मिसिसिपी राज्यात हॅटिसबर्ग येथील डी ग्रमंड या बालसाहित्याच्या संग्रहात आहेत, तर १९३६ मध्ये ज्या संस्थेच्या स्थापनेत त्या होत्या, त्या ‘अमेरिकन ॲबस्ट्रॅक्ट आर्टिस्ट्स’चे दप्तर स्मिथसोनियन या संग्रहालय-संस्थेच्या आर्काइव्ह्ज ऑफ अमेरिकन आर्ट या कला-अभिलेखागारात आहे. एकाच ठिकाणी बसून वाचणाऱ्याला अर्धीच व्यक्ती दिसते.

म्हणून नवख्या अभ्यासकाने कागदपत्रांच्या पेट्या मागवण्यापूर्वी एकच कालपट मांडावा. १९०८ मध्ये रशियातील चेल्याबिन्स्क येथे जन्म, रशियन क्रांतीनंतर कुटुंबासह चीनमधील हार्बिन, १९२८ मध्ये विद्यार्थी व्हिसावर न्यूयॉर्क आणि तेथील नॅशनल अकॅडमी ऑफ डिझाइनमध्ये प्रवेश. हे सारे एका पट्टीवर आले की १९३६ ची संस्था आणि १९३८ चे ‘द लिट्ल फायरमन’ शेजारी येतात. मार्गारेट वाइज ब्राउन यांच्या त्या पुस्तकाची चित्रे स्लोबोदकिना यांनी रंगीत कागद कापून, चिकटवून केली. त्यांच्या कॅनव्हासवरचे सपाट, काटेकोर कडांचे आकार त्यानंतर पाहिले, तेव्हा पुस्तकांचे काम केवळ पोटापाण्यासाठी होते हा माझा समज गळून पडला.

तारखांबाबत विशेष सावध राहावे. ‘कॅप्स फॉर सेल’ या सर्वांत गाजलेल्या पुस्तकाच्या हक्कनोंदीत १९४०, १९४७ आणि १९६८ अशी तीन वर्षे आढळतात. त्यांतले शेवटचे हक्काच्या नूतनीकरणाचे आहे, आवृत्तीचे नव्हे. मी ते आवृत्तीचे वर्ष धरून एक पूर्ण परिच्छेद लिहिला होता. त्यांच्या आत्मचरित्राचे नावच ‘नोट्स फॉर अ बायोग्राफर’ आहे. चरित्रकाराने काय पाहावे हे आधीच ठरवू पाहणाऱ्या लेखिकेचे म्हणणे आदराने वाचावे, पण प्रत्येक तारीख समकालीन पत्रांशी ताडावी. चित्रकार इल्या बोलोतोव्स्की हे त्यांचे पती आणि संस्थेतले सहकारी होते; पुढे दोघे विभक्त झाले, तरी शोधसूचीत, म्हणजे संग्रहातील कागदपत्रांच्या यादीत, बोलोतोव्स्की यांचे नावही तपासावे.

वाचनकक्षात बहुधा फक्त पेन्सिल चालते. प्रत्येक टिपेच्या डोक्यावर पेटी व फोल्डरचा क्रमांक आधी लिहावा आणि मगच वाचायला लागावे. माझ्या पहिल्या वहीतली बारा पाने केवळ या क्रमांकांअभावी मला पुन्हा उतरवावी लागली.