दात हलतोय, मग डेंटिस्टकडे आजच जायचं की चार दिवसांनी चालेल?

माझ्या आईचा खालचा पुढचा दात जवळजवळ वर्षभर हलत होता आणि ती कुणाला काही बोलली नाही, कारण काय तर दुखत नव्हता. जेवताना ती भाकरीचा तुकडा पुढच्या दातांनी न तोडता हाताने बारीक करून थेट दाढेकडे सरकवायला लागली तेव्हा माझ्या लक्षात आलं, आणि तोवर शेजारचाही हलायला लागला होता. म्हणून आधीच सांगते, दुखतंय का नाही यावर ठरवू नका, कशामुळे हलतोय ते बघा.

पडून किंवा बॉल लागून पक्का दात हलला असेल तर त्याच दिवशी जायचं, जितक्या लवकर जमेल तितकं. असा दात जागेवर बसवून शेजारच्या दातांना साधारण २ आठवडे वायरने बांधून ठेवतात. आणि दात अख्खा निघून हातात आला तर एकेक मिनिट महत्त्वाचं आहे, वरचा पांढरा भाग धरायचा, मुळाला हात लावायचा नाही, माती असेल तर फक्त हलकेच धुवायचा, घासायचा नाही, आणि त्याच खड्ड्यात बसवून स्वच्छ रुमाल दातांत धरून निघायचं. ते जमत नसेल तर थंड दुधात टाकून तासाभरात पोचायचं. दुधाचा दात मात्र कधीच परत बसवू नका, खालच्या पक्क्या दाताला इजा होऊ शकते.

हिरडीला फोड आलाय, पू येतोय किंवा ताप आहे, तर आजच, फार तर उद्या सकाळी. पण सूज डोळ्याकडे किंवा जबड्याखाली मानेकडे पसरत असेल, गिळायला नाहीतर श्वासाला त्रास होत असेल, तोंड उघडत नसेल, तर क्लिनिक उघडायची वाट बघू नका, रात्रीचे २ वाजले असले तरी मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जा.

यातलं काहीच नाही, नुसताच हळूहळू सैल झालाय, तर तो बहुतेक पायोरिया, म्हणजे हिरड्या आणि दाताभोवतीचं हाड खराब होण्याचा आजार. घरी एवढं बघा: दाताच्या बाहेरच्या बाजूला बोटाचं टोक ठेवून हलकेच दात मिटा, बोटाला धक्का जाणवला किंवा आरशात दात लांब झाल्यासारखा, मध्ये फट पडल्यासारखा दिसला तर १-२ आठवड्यांच्या आत दाखवा. चावताना वरखाली होत असेल तर एवढंही थांबू नका. डायबेटिस असेल तर हिरड्या लवकर बिघडतात, आणि मिश्री, तंबाखू असेल तर हिरडीतून रक्त कमी येऊ शकतं, त्यामुळे सगळं ठीक आहे असं वाटत राहतं. आईचं हेच झालं.

ती घाबरत होती ते वेगळंच, "दात साफ केले की हलायला लागतात." असं नसतं हो. हाड आधीच झिजलेलं असतं, मधे साचलेल्या दगडासारख्या कीटामुळे दात घट्ट वाटतो, तो काढला की खरी परिस्थिती कळते. आईचा एक दात काढावा लागला पण हिरड्या साफ केल्यावर शेजारचा वाचला, पहिला दात आधीच दाखवला असता तर दोन्ही राहिले असते असं मला आजही वाटतं.

मुलांचं सोपं आहे, सहाव्या-सातव्या वर्षी दुधाचा दात हलणारच. मागून पक्का दात डोकावतोय आणि दुधाचा पडत नाहीये तर एकदा सावकाश दाखवा. चार वर्षांच्या आत, मार न लागता हलला तर मात्र लवकर.

खर्चाची काळजी असेल तर मुंबईत सीएसएमटीजवळचं सरकारी डेंटल कॉलेज आणि नायर डेंटल, शिवाय नागपूर, संभाजीनगरची सरकारी डेंटल कॉलेजं आहेत, तिथे बरंच कमी लागतं.

तोवर दुसऱ्या बाजूने चावा, जिभेने सारखा हलवत बसू नका, ब्रश मऊ घ्या पण बंद करू नका. आणि अपॉइंटमेंटसाठी फोन करताना नुसतं "दात दाखवायचाय" म्हणू नका, कधीपासून हलतोय, सूज आहे का, रक्त पातळ करायच्या गोळ्या किंवा हाडं ठिसूळ होण्यावरचं इंजेक्शन चालू आहे का, ते सांगा. त्या गोळ्या मात्र स्वतःच्या मनाने बंद करायच्या नाहीत.