कॅबिनेट रंगवायचंय? आधी टेप आणा

भाचा कॉम्प्युटरचं जुनं कॅबिनेट घेऊन आला. "मामा, हे ऑलिव्ह ग्रीन करायचंय, स्प्रे आणलाय." बघतो तर मदरबोर्ड आत तसाच, आणि जाळीवर वर्तमानपत्राचा एक तुकडा चिकटवलेला. झाली म्हणे तयारी.

मी भोसरीला पावडर कोटिंगच्या (पत्र्यावर रंगाची पूड उडवून ती भट्टीत भाजायची) शॉपमध्ये आठ वर्षं काढली. तिथे नव्या पोराच्या हातात गन देत नाहीत. पहिले काही महिने तो फक्त मास्किंग करतो, म्हणजे रंग नको त्या जागा झाकतो. थ्रेडवर, म्हणजे आट्यांवर, रंग गेला की बोल्ट बसत नाही, अर्थिंगच्या जागी गेला की जॉब (रंगवलेली वस्तू) परत येतो. घरी कॅबिनेट रंगवतानाही हेच. रंग काय, कोणीही मारेल. कुठे मारायचा नाही ते आधी ठरवा. (आणि पावडर कोटिंग घरच्या ओव्हनमध्ये करायचा विचार सोडा. ते १८०-२०० अंशांवर भाजतात, आणि त्याच ओव्हनमध्ये उद्या केक करायचा असतो.)

तर आधी सगळं बाहेर. मदरबोर्ड, एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा), हार्ड डिस्क, पंखे, पुढच्या पॅनलच्या वायरी, रबराचे पाय, धुळीच्या जाळ्या. पॉवर आणि रीसेट स्विचच्या बारीक पिनांचा काढण्याआधी मोबाईलवर फोटो घ्या, नाहीतर जोडताना मॅन्युअल शोधत बसाल. स्क्रू बर्फाच्या ट्रेमध्ये, एका खणात एका जागचे.

एसएमपीएस बाहेर काढा, पण उघडू नका. त्याचा डबा रंगवायला म्हणून लोक उघडतात. आत २३० व्होल्टच्या एसीचं रेक्टिफाय होऊन सव्वातीनशे व्होल्टच्या वर डीसी साठलेलं असतं, आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटर ते काही काळ धरून ठेवतात. हार्ड डिस्कलाही रंग नको. बऱ्याच डिस्कवर हवेचं एक बारीक भोक असतं, ते बुजलं की खेळ संपला. पंख्याची फार तर चौकट रंगवा. पात्यांवर रंग कमीजास्त बसला तर तोल जातो आणि पंखा घरघरायला लागतो. हीटसिंकच्या पट्ट्यांवर रंग म्हणजे उष्णतेला घातलेली गोधडी. रॅमचं पत्र्याचं कव्हर ओढून काढू नका, गोंदाबरोबर चिप उचलली जाते. ग्राफिक्स कार्डचं कव्हर काढून रंगवता येतं, पण वॉरंटी आणि थर्मल पॅड (चिपची उष्णता बाहेर नेणारी मऊ पट्टी) दोन्हींवर पाणी सोडायची तयारी हवी. मी भाच्याला त्यावर व्हिनाइलचा रंगीत स्टिकर चिकटवायला लावला.

आता धुणं. भांड्याच्या साबणाने घासा, उन्हात कडकडीत वाळवा. मग ३२० नंबरचा वॉटर पेपर (ओला चालणारा पॉलिश पेपर) पाण्यात बुडवून जुन्या रंगाची चमक घालवा. ओला यासाठी की धूळ उडत नाही. घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाखांत ९० भाग) वर नको हा नियम आपल्याकडे २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू आहे. जुन्या पत्र्यावर काय आहे कोण सांगणार. जोर लावून पत्र्यापर्यंत जाऊ नका. कॅबिनेटच्या पत्र्याला बहुतेक वेळा जस्ताचा पातळ थर असतो आणि उघड्या जस्तावर साधा रंग धरत नाही, काही महिन्यांत पोपडे निघतात. उघडं पडलंच तर तेवढ्यावर एच प्रायमर (etch primer, धातूला धरून बसणारं अस्तर) मारा.

पेपर मारून झाला की पॅनल तिरपं धरून त्यावर पाणी ओता. पाणी सलग चादरीसारखं उतरलं तर पत्रा साफ. कुठे फाटलं, थेंब झाले, तर तिथे तेल आहे. भाच्याच्या पॅनलवर बरोबर चार बोटांच्या आकाराचं पाणी फाटलं. सकाळी डोक्याला तेल चोपडलं होतं आणि त्याच हाताने पॅनल उचललं! तिथे रंग गेला असता तर माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडले असते. पुन्हा धुतलं, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसलं, आणि तिथून पुढे नायट्राइलचे हातमोजे. पुढचं पॅनल प्लास्टिकचं असेल तर थिनर लांब ठेवा, एबीएस (पॅनलचं नेहमीचं प्लास्टिक) त्यात विरघळतं. त्याला प्लास्टिकचा प्रायमर वेगळा मिळतो.

मग मास्किंग. मदरबोर्ड ज्यांवर बसतो ते पितळी स्टँडऑफ, एसएमपीएसच्या मागचे चार स्क्रू जिथे टेकतात ती जागा, मागच्या आयओ प्लेटची (यूएसबी वगैरेंच्या भोकांची पट्टी) कड, आणि सगळे थ्रेड. मास्किंग टेप नखाने कडेकडेने दाबा. थ्रेडमध्ये जुने स्क्रू फिरवून ठेवले की झालं.

जागा गच्चीच. बंद खोली नको, गॅलरीही नको. कॅनमधला गॅस पेट घेतो, आणि थिनरची वाफ हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत सरपटत जिन्यातून खाली उतरते. खाली ताईचं देवघर, तिथे निरांजन. बाथरूममध्ये गॅस गीझर. म्हणून जिन्याचं दार बंद केलं आणि ताईला सांगितलं, आज दिवा जरा उशिरा. टाकीचं झाकण लावा. शेजाऱ्यांच्या कुरडया वाळत असतील तर त्या उचलेपर्यंत थांबा, रंगाचं धुकं फार लांब जातं. पुठ्ठ्याचं मोठं खोकं आडवं करून त्यात जॉब तारेने टांगायचा, फरशीवर पाणी शिंपडायचं.

कोविडमधला एन-९५ इथे कामाचा नाही. तो कण अडवतो, वाफ नाही. ऑरगॅनिक व्हेपरचं कार्ट्रिज असलेला मास्क घ्या, वर कणांसाठी प्रीफिल्टर. मास्क लावूनही रंगाचा वास आला तर कार्ट्रिज संपलंय किंवा दाढीमुळे फट राहिलीय. काम झालं की कार्ट्रिज झिपच्या पिशवीत बंद करा, उघडं ठेवलं तर नुसतं हवेतलं शोषत बसतं. डोळ्याला गॉगल. हार्डनरवाला टू-के क्लिअर (दोन भाग मिसळून मारायचा पारदर्शक थर) कोणी सुचवला तर हात जोडा. त्यात फुप्फुसांना घातक आयसोसायनेट असतं, ते घरच्या गच्चीचं काम नाही.

मारताना कॅन पॅनलपासून एक वीत लांब. आतली गोळी खडखडायला लागल्यावर आणखी दोन मिनिटं हलवा. पॅनलच्या बाहेर सुरू करून बाहेरच सोडा, आणि प्रत्येक पट्टा आधीच्यावर निम्मा चढवा. पहिला हात, म्हणजे थर, एवढा पातळ, की खालचा रंग दिसला पाहिजे. भाच्याला वाटलं काहीच लागलं नाही, म्हणून त्याने तिथेच पुन्हा दाबलं, आणि खालच्या कोपऱ्यात ओघळ. ओला ओघळ पुसू नका. वाळू द्या, ६०० नंबरच्या पेपरने घासा, पुन्हा मारा. दोन थरांच्या मध्ये दहा-पंधरा मिनिटं. एनॅमल असेल तर कॅनवरची वेळ वाचाच, अर्धवट वाळल्यावर पुढचा हात मारला की सुरकुत्या येतात. संपल्यावर कॅन उलटा धरून नुसता गॅस येईपर्यंत दाबायचा, नोझल चोंदत नाही.

पावसाळ्यात हे काम काढू नका. थिनर उडताना पत्रा गार होतो, त्यावर दमट हवेतलं पाणी धरतं आणि रंगावर पांढुरका धूसरपणा येतो. संक्रांतीनंतरचे दिवस चांगले, सकाळी दहाच्या सुमारास.

हाताला कोरडं लागलं म्हणजे वाळलं नाही. माझ्या पहिल्या कॅबिनेटची पॅनलं मी दुसऱ्याच दिवशी वर्तमानपत्रात गुंडाळली होती. डाव्या पॅनलवर उलट्या अक्षरांत अख्खं राशिभविष्य उमटलं. आठवडाभर टांगून ठेवा.

जोडून झाल्यावर भिंतीत प्लग घालायच्या आधी मल्टिमीटर घ्या. कंटिन्युइटीवर (जोड सलग असेल तर बीप देणारी सेटिंग) ठेवा, केबल एसएमपीएसला लावा, प्लग हातात. एक टोक प्लगच्या जाड, म्हणजे अर्थिंगच्या, पिनेवर, दुसरं कॅबिनेटच्या एखाद्या उघड्या स्क्रूवर. बीप आली पाहिजे. आमचा मीटर मुका. मागची एक टेप निसटली होती, एसएमपीएसच्या चारही स्क्रूंखाली हिरवा रंग. पेपरने तेवढी जागा खरवडली, स्क्रू पुन्हा आवळले, बीप आली.

ओघळाचा तो कोपरा अजून आहे. भाच्याने कॅबिनेट असं ठेवलंय, की ती बाजू भिंतीकडे.